यादीतली जादा आजी

एक कोडं घालतो. एका यादीत पोळपाट आहे. दुसऱ्या यादीतही पोळपाट आहे. दोन्ही याद्या एकत्र केल्या, तर एकूण पोळपाट किती?

काही जण म्हणतील एक, काही म्हणतील दोन. दोघांनीही एवढ्यात स्वतःवर खूश होऊ नये. कराडच्या एका घरात याच साध्या प्रश्नावरून असा गोंधळ उडाला, की एक अख्खी आजी हिशेबातून गळाली.

त्या घरात नीरजा नावाची दहा वर्षांची मुलगी राहत होती. तिच्या आईबाबांना चंद्रावरच्या वसाहतीत नोकरी लागली होती. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ असे खोल खड्डे आहेत, की तिथे ऊन कधी पोचतच नाही. त्या खड्ड्यांतल्या बर्फाचं पाणी करायचं काम बाबांचं, आणि त्या पाण्यावर काचघरात भाज्या पिकवायच्या हे आईचं. घरचे सगळेच आता तिकडे निघाले होते. सगळे म्हणजे दोन्ही आज्यासुद्धा, कारण वसाहतीनेच तसा निरोप धाडला होता: "शक्य असेल तर येताना आज्या आणा." तिथे मुलं पुष्कळ होती, पण आजी एकही नव्हती. मुलांना झोपताना गोष्ट सांगायला एक यंत्र होतं आणि ते राक्षस मेल्यावर लगेच "गोष्ट संपली, धन्यवाद" म्हणायचं. अशाने पोरांना झोप कुठून लागणार?

आईची आई म्हणजे तेजस्विनीआजी, कोल्हापूरची. बाबांची आई म्हणजे मानसीआजी, चिपळूणची. दोघींचं आपसात वैर मुळीच नव्हतं. दोघी एकमेकींना "विहीणबाई" म्हणत, आणि इतक्या आदराने म्हणत की ऐकणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं.

दोघींनी आपापली यादी केली, आपापलं सामान आणलं आणि बैठकीच्या खोलीत दोन रांगा मांडल्या. भिंतीकडची रांग कोल्हापूरची, खिडकीकडची चिपळूणची. पोळपाट इकडे, पोळपाट तिकडे. विळी, खलबत्ता, कुकर, हिंगाचा डबा, सगळं इकडे आणि सगळं तिकडे. आणि दोन्ही रांगांच्या टोकाला, दोन काळ्याकुट्ट म्हशी बसाव्यात तसे, दोन पाटे-वरवंटे. गेली कित्येक वर्षं या दोन्ही पाट्यांवर फक्त तुळशीच्या कुंड्या ठेवल्या जात होत्या. चटणी मिक्सरमध्येच व्हायची. पण चंद्रावर जायचं म्हटल्यावर दोघींनाही एकदम पाट्यावरच्या चटणीची चव आठवली.

आता नियम ऐका. यानातून घरटी ठरावीक भार नेता येई, माणसं आणि सामान धरून. भार जास्त झाला, तर काय काढायचं ते घरच्यांनी ठरवायचं. नोंदणीच्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत ठरलं नाही, तर वाहतूक मंडळ एक माणूस मागे ठेवी. कामावर निघालेल्यांना आणि लहान मुलांना हात लावत नसत. म्हणजे मागे राहणार ती एक आजी, आणि यानाची पुढची फेरी दोन वर्षांनी.

बाबांनी अंदाजाने आकडेमोड केली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी एका पोळपाटावर काट मारायला पेन उचललं.

"कुणाच्या?" दोन्हीकडून एकदम आवाज आला.

बाबांनी पेन खिशात ठेवलं.

तेवढ्यात दारात मंडळाचं सामान-नोंदणीचं यंत्र आलं. पिंपासारखं पोट, खाली चाकं, कपाळावर एक दिवा आणि दोन लांब वाकडे हात. बोलायला लागलं की ते आधी डावा हात अर्धगोल पसरी, बोलून झालं की उजवा हात आणून वर्तुळ पुरं करी. हुबेहूब कंस. बोलायचंही उलटं.

"(द्या मला याद्या)," ते म्हणालं.

"असं काय गं बोलतंय ह्ये?" तेजस्विनीआजीने विचारलं.

"(बोलतो मी लिस्प)," यंत्राने सांगितलं. "(आहे लिस्प (भाषा जुनी संगणकाची)). (सांगतात लिस्पमध्ये आधी काम). (सांगतात मग काम कशावर). (ठेवतात सगळं कंसात)."

उदाहरण म्हणून त्याने "(बेरीज दोन तीन)" असं म्हणून दाखवलं आणि स्वतःच "पाच" असं उत्तर दिलं. मराठीत आपण "दोन आणि तीन यांची बेरीज कर" म्हणतो, म्हणजे काम शेवटी. लिस्पमध्ये काम आधी. कंसाच्या आत जे ओळीने येतं, ती यादी. लिस्पचा सगळा कारभार अशा याद्यांवर चालतो. यादीच्या पोटात आणखी यादी असली तरी चालते. फक्त उघडलेला प्रत्येक कंस मिटवावा लागतो.

"मग मी तुला कंसमामा म्हणणार," नीरजा म्हणाली.

"(दे मला कारण)," यंत्र म्हणालं. त्याला कृष्णाची गोष्ट सांगत बसायला वेळ नव्हता, म्हणून नीरजाने नुसतं हसून घेतलं.

कंसमामाने प्रत्येक वस्तूवर एकेक बिल्ला चिकटवला. बिल्ल्यावर वस्तूचं नाव, वजन आणि एक आकडा. प्रत्येक बिल्ल्यावर आकडा वेगळा. माणसांनाही बिल्ले लागले. तेजस्विनीआजीच्या ओढणीवरच्या बिल्ल्यावर नाव आलं "आजी". मानसीआजीच्या ओढणीवरच्या बिल्ल्यावरही "आजी" असंच आलं, कारण नीरजाने ओळख करून देताना दोघींकडे बोट दाखवून तेवढंच सांगितलं होतं. त्यात तिची काय चूक? त्या होत्याच आजी.

मग त्याने दोन्ही रांगांचा भार मोजला. कपाळावरचा दिवा लालभडक झाला.

"पण मामा, दोन्हीकडे सगळं तेच तर आहे!" नीरजा म्हणाली. "मग भार दुप्पट कसा?"

"(केलं मी काम (जोड)). (लावते जोड एक यादी दुसरीच्या मागे)."

म्हणजे असं. (मीठ हिंग) ही एक यादी आणि (हिंग गूळ) ही दुसरी. जोडल्या की होते (मीठ हिंग हिंग गूळ). जोडण्याचं काम डोळे मिटून चालतं. हिंग दोनदा आला याची त्याला काही पडलेली नसते.

"मग हिंग एकदाच यायला हवा असेल तर?"

"(कर काम (संयोग))."

संयोग म्हणजे दोन्ही याद्यांतलं सगळं घ्यायचं, पण दुबार काही ठेवायचं नाही. संयोग केला की उत्तर येतं (मीठ हिंग गूळ). तो कसा करतात, हे कंसमामाने प्रत्यक्ष करूनच दाखवलं. भिंतीकडच्या रांगेतली एक वस्तू त्याने उचलली. ती हातात धरून तो खिडकीकडच्या रांगेपुढून हळूहळू घरंगळत निघाला. प्रत्येक वस्तूपाशी थांबून तो विचारी, "(आहे का हीच)". उत्तर "हो" आलं, तर हातातली वस्तू दुबार, ती बाजूला ठेवायची. रांग संपली तरी "हो" आलं नाही, तर ती नव्या यादीत घ्यायची. असं भिंतीकडच्या प्रत्येक वस्तूचं झालं, की खिडकीकडची रांग आहे तशी नव्या यादीला जोडून द्यायची. झाला संयोग. फार अवघड नाही, पाय मात्र दुखतात. कंसमामाला चाकं होती म्हणून बरं.

सगळी रांग संपली. बाजूला काढलेल्या वस्तू किती? एकही नाही. दिवा तसाच लाल.

"अरे, हा पोळपाट आणि तो पोळपाट एकच नाहीत का?" बाबा ओरडले.

"(नाहीत एक). (आहेत बिल्ल्याचे आकडे वेगळे)."

"बरोबर आहे त्याचं," मानसीआजी म्हणाली. "माझा पोळपाट सागवानी आहे हो. आमच्या सासूबाईंचा."

"आमचाबी काय फुटपाथवर घेतल्याला न्हाई," तेजस्विनीआजी म्हणाली.

नीरजाच्या लक्षात आलं की कंसमामा "सारखी आहे का?" असं विचारतच नव्हता. "अगदी हीच, ही स्वतःच आहे का?" असं विचारत होता. आणि कोल्हापूरचा पोळपाट चिपळूणचा पोळपाट स्वतः कसा असेल? "दुबार आहे की नाही" हे ठरवायला जो प्रश्न विचारतात, त्याला कसोटी म्हणतात. लिस्पला तुम्ही कसोटी सांगितली नाही, तर ते आपली आपण एक कसोटी घेतं, आणि ती भलतीच कडक असते.

"मामा, कसोटी बदलता येते?"

"(येते बदलता). (सांग नवी)."

नीरजाने फार विचार केला नाही. इथेच ती फसली, पण तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही फसला असता. ती म्हणाली, "बिल्ल्यावरचं नाव सारखं असेल, तर दोन्ही एकच समज."

कंसमामा पुन्हा निघाला. या वेळी गंमत झाली. पोळपाट बाजूला, विळी बाजूला, कुकर बाजूला! वस्तूगणिक दिवा लालाचा नारिंगी आणि नारिंगीचा पिवळा होत गेला. बाबा टाळ्या वाजवायला लागले. "चष्मा," असं म्हणत कंसमामाने तेजस्विनीआजीचा चष्मा बाजूला ठेवला.

"ए बाबा, ह्यांच्या चष्म्यातनं मला काय दिसणाराय?"

"(आहे नाव एक)," कंसमामा म्हणाला आणि त्याने कवळी उचलली. कवळ्याही दोन होत्या, दोन डब्यांत. त्यातली एक बाजूला गेली.

"म्हणजे आम्ही दोघींनी एकच कवळी वापरायची?" मानसीआजी किंचाळली. "सकाळी यांनी आणि संध्याकाळी मी?"

नीरजा पोट धरून हसत होती. आईही हसत होती. दिवा हिरवा झाला तेव्हा सगळ्यांनी जल्लोष केला, आणि त्या गडबडीत कंसमामा तेजस्विनीआजीसमोर जाऊन कधी उभा राहिला ते कुणी पाहिलंच नाही. त्याने मानसीआजीकडे एकदा पाहिलं. मग अगदी अलगद तेजस्विनीआजीच्या ओढणीवरचा बिल्ला सोडवला.

"(आहे आजी दुबार)," तो म्हणाला. "(बसा बाजूला)."

हसणं जागच्या जागी थांबलं.

तेजस्विनीआजी एरवी कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे. पण ती काही न बोलता उठली आणि काढलेल्या कुकराशेजारी जाऊन बसली. "बरं झालं," ती म्हणाली. "मला तरी त्या चंद्रावर काय करमणार हुतं? गोष्टी काय, विहीणबाईबी सांगत्यात." मग तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मानसीआजीही तरातरा गेली आणि विळी सरकवून तेजस्विनीआजीच्या शेजारी जमिनीवर बसली. "त्यांची रांग पहिली होती म्हणून त्या गेल्या. माझी रांग पहिली असती, तर मी गेले असते. मग मी तरी तिकडे कुठल्या तोंडाने जाऊ?"

नीरजाला रडू आलं, आणि स्वतःचा इतका राग आला की काय करावं ते सुचेना. नावाची कसोटी तिनेच दिली होती. खिडकीतून दिसणारं ऊन समोरच्या घराच्या भिंतीवर चढून आता पत्र्यापर्यंत गेलं होतं.

"मला दोघीही पाहिजेत!" ती ओरडली.

"(सांग का)," कंसमामाने विचारलं. हेटाळणीने नव्हे, त्याला खरंच कळत नव्हतं. "(आहे नाव एक). (आहे काम एक)."

"काम एक नाहीये! तेजस्विनीआजी सकाळी पांघरूण ओढून काढते. मानसीआजी ते परत घालते. हिच्या गोष्टीत राक्षस मरतो, तिच्या गोष्टीत तो सुधारतो आणि शाळेत शिकवायला लागतो. हिच्याने तिचं भागत नाही आणि तिच्याने हिचं भागत..."

नीरजा बोलता बोलता थांबली. डोळे पुसून ती कंसमामाच्या अगदी जवळ गेली.

"मामा, आपण प्रश्नच चुकीचे विचारले. 'हीच का?' हा फार कडक होता. 'नाव तेच का?' हा फार ढिला. आपण विचारूया, 'एकीने दुसरीचं भागेल का?' दोन पोळपाट वेगळे असले तरी पोळ्या एकावरही होतील. दोन चष्मे दिसायला सारखे असले तरी भागणार नाही. अशी कसोटी चालते?"

कंसमामाचा डावा हात वर गेला आणि बराच वेळ वरच राहिला. आत काहीतरी घरघरलं.

"(चालते)," तो अखेर म्हणाला. "(बनव कसोटी (भागेल-का) आपली आपण). (दे मला). (धरीन मी हातात). (विचारीन प्रत्येकापाशी)."

लिस्पची खरी मौज इथे आहे. आपण स्वतः बनवलेली कसोटी संयोगाच्या हाती द्यायची. संयोग चालत जाणार तसाच, रांगेपुढून, एकेक वस्तू धरून. फक्त विचारायचा प्रश्न आपला.

"पण भागेल की नाही हे त्याला कोण सांगणार?" आईने विचारलं.

नीरजाने जमिनीवर बसलेल्या दोघींकडे बोट दाखवलं.

झालं. कंसमामा पोळपाट घेऊन आला. "(भागेल का)."

"माझ्या पोळपाटाने त्यांचं भागेल," मानसीआजी चटकन म्हणाली.

"(विचारतो उलटं). (भागेल का त्यांच्या पोळपाटाने तुमचं)."

मानसीआजी छताकडे बघायला लागली. तेजस्विनीआजीचंही तेच. आपल्या विळीने विहीणबाईंचं भागायला तिची काही हरकत नव्हती, पण विहीणबाईंच्या विळीने आपलं? "न्हाई बा."

"(नाही ही कसोटी)," कंसमामा म्हणाला. "(बदलतं उत्तर उलट केल्यावर)."

हे त्याने फार महत्त्वाचं सांगितलं. दोन गोष्टी सारख्या आहेत की नाही हे ठरवणारी कसोटी दोन्ही बाजूंनी एकच उत्तर देणारी हवी. अ हा ब सारखा असेल, तर ब हा अ सारखा असलाच पाहिजे. नाही तर उत्तर रांग कोणती आधी लावली यावर ठरतं, आणि मग उगाच कुणीतरी कुकराशेजारी जाऊन बसतं.

"मग माझं उत्तर 'नाही'," मानसीआजी म्हणाली.

"माझंबी."

पोळपाट परत रांगेत. विळी परत. हिंग परत. दिवा हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा नारिंगी आणि नारिंगीचा लाल झाला. बाबांनी डोकं धरलं. बाहेरचं ऊन पत्र्यावरूनही सरकायला लागलं होतं.

"आजी," नीरजा म्हणाली, आणि दोघींनी एकदम वर पाहिलं. "तुम्ही दर वेळी 'नाही' म्हणालात, की एक वस्तू यानात चढते. अशा सगळ्या वस्तू चढल्या, की तुमच्यातली एक उतरणार. मला चंद्रावर दोन पोळपाट नकोत."

मग मानसीआजीने घसा खाकरला.

"मागच्या दिवाळीला यांच्याकडे मी पोळ्या केल्या होत्या," ती म्हणाली. "पोळपाट बरा आहे त्यांचा." जरा थांबून तिने वाक्य नीट पुरं केलं. "चांगला आहे. भागेल."

"तुमच्या विळीला धार हाय," तेजस्विनीआजी म्हणाली. "मी बघितली हुती, बोलली नव्हती. भागंल की."

आणि मग जे धरण फुटलं! कुकर? भागेल. खलबत्ता? भागेल. हिंग? "अहो, तुमचा हिंग माझ्यापेक्षा खमंग आहे, मी लपवून घेऊन गेले होते एकदा." "मला म्हाईत हाय ते." चष्म्यांना दोघींनी "नाही" म्हटलं, कवळ्यांना तर ओरडून "नाही" म्हटलं. लोणच्याची बरणी आली तेव्हा दोघी एकमेकींकडे बघून एका सुरात "नाही" म्हणाल्या. दोन्ही बरण्या यादीत राहिल्या आणि यावर कुणीही वाद घातला नाही. दुबार काढायचं म्हणजे दिसेल ते फेकायचं असं थोडंच असतं?

मग कंसमामा दोघींसमोर आला. डाव्या बाजूला एक आजी, उजव्या बाजूला दुसरी.

"(भागेल का)," त्याने विचारलं.

या वेळी उत्तर नीरजाने दिलं. आईने दिलं. बाबांनीही दिलं, आणि ते सगळ्यांत मोठ्याने. कंसमामाने तेजस्विनीआजीच्या ओढणीवर बिल्ला परत लावला. जरा तिरका लागला, पण लागला.

एवढं होऊनही दिवा नारिंगीच होता. उरले होते पाटे-वरवंटे, आणि ऊन आता दिसतही नव्हतं.

तिथे मात्र दोघी पुन्हा आपापल्या पाट्यापाशी जाऊन बसल्या. नीरजाला वाटलं पुन्हा हट्ट सुरू झाला. पण तसं नव्हतं. दोघी मनातल्या मनात पाट्यांची तुलना करत होत्या.

"माझ्या पाट्याला आत्ताच टाकी लावून घेतलीय," मानसीआजी म्हणाली. टाकी लावणं म्हणजे दगड ठोकून खरखरीत करणं. गुळगुळीत पाट्यावर चटणी वाटली जात नाही. "पाटा चांगला आहे माझा. वरवंटा मात्र हलका आहे."

"आमचा वरवंटा जड हाय. पर पाटा गुळगुळीत झालाय, खोटं कशाला बोलू."

"तिथे वरवंटा जडच हवा," आई म्हणाली. "चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढीच. तिथे हलका वरवंटा नुसता पाट्यावरून तरंगत फिरेल."

"पण कंसमामा म्हणतो पाटा-वरवंटा ही एक वस्तू आहे," बाबा म्हणाले. "एकतर ही जोडी, नाहीतर ती."

नीरजाने बिल्ला वाचला. त्यावर एकच नाव होतं, पण त्या नावात दोन दगड होते. तिला यादीच्या पोटातली यादी आठवली.

"मामा, ही एक वस्तू नाही. ही यादी आहे. (पाटा वरवंटा). आतला कंस उघड आणि पुन्हा विचार. आधी नुसता पाटा, मग नुसता वरवंटा."

"(भागेल का (पाटा))."

"चिपळूणचा भागंल."

"(भागेल का (वरवंटा))."

"कोल्हापूरचा भागेल, आणि छान भागेल."

काळा पाटा खिडकीकडच्या रांगेतून आला, काळा वरवंटा भिंतीकडच्या रांगेतून. उरलेले दोन दगड बाबांनी अंगणात नेऊन ठेवले आणि येताना ते चक्क नाचत आले, कारण दिवा हिरवा झाला होता.

महिन्याभराने यानतळावर मोठी गर्दी होती. नीरजाची "भागेल-का" ही कसोटी मंडळाने आपल्या सगळ्या यंत्रांना शिकवली होती, त्यामुळे प्रत्येक फाटकाशी कुणी ना कुणी तावातावाने भांडत होतं, आणि भांडण संपल्यावर हलक्या सामानाने आत जात होतं. नीरजाच्या डोक्यात मात्र पुढचं कोडं सुरू झालं होतं. आईकडे काचघरातल्या बियांच्या दोन याद्या होत्या. दोन बिया दिसायला सारख्या, नावाने सारख्या, पण एकीला थंडी सोसते आणि एकीला नाही. त्या एकच म्हणायच्या की दोन? तिथे कसोटी कोणती लावायची हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच तिला तिकडे पोचायची घाई झाली होती.

फाटकावर कंसमामाच होता. आईबाबा आत गेले. मग दोन्ही आज्या पुढे झाल्या, मधे नीरजा.

"(सांगा तुम्ही कोण)."

"नीरजाची आजी," तेजस्विनीआजी म्हणाली.

"(सांगा तुम्ही कोण)."

"नीरजाची आजी," मानसीआजी म्हणाली.

दोन्ही उत्तरं शब्दाला शब्द सारखी. आत गेलेले बाबा धावत मागे आले. पण कंसमामाने काही विचारलं नाही. त्याने आपला डावा हात तेजस्विनीआजीच्या खांद्यामागे नेला, उजवा हात मानसीआजीच्या खांद्यामागे नेला, तिघींना हळूच जवळ घेतलं आणि सावकाश, एकही शब्द न चुकवता, वाचून दाखवलं:

"(आजी नीरजा आजी)."